स्मारक आणि पाहुणा

१

स्मारकाची समीक्षा करावी काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच अस्थानी म्हणता यायचा नाही. जेथे माणसे मेली तेथे चपला काढून, हात जोडून उभे राहावे. तेथे गुणदोषांची चर्चा कसली करायची, असे सज्जन माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्मारक हे मृत्यूसारखे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी रचलेले असते. काय दाखवायचे आणि काय झाकायचे याची निवड त्यात असते. दगड, शब्द, उजेड आणि शांतता यांची मांडणी असते. आणि ती कोणातरी पाहणाऱ्याला उद्देशून केलेली असते. जेथे निवड आहे, मांडणी आहे आणि पाहणारा आहे, तेथे समीक्षेलाही जागा आहे. हात जोडून झाल्यावर डोळे उघडायला हरकत नसावी.

उत्सवाचेही तसेच. एखाद्या जागेचा किंवा जमातीचा सांस्कृतिक महोत्सव भरतो तेव्हा गाणे चांगले झाले की वाईट, एवढेच आपण बोलतो. त्या जागेवर ते गाणे का, ते कोणी म्हटले आणि कोणी ऐकले, हे प्रश्न आपण व्यवस्थापकांवर सोडून देतो. वस्तुतः उत्सवाचा अर्थ याच प्रश्नांत असतो.

या लेखात दोन जागांचा विचार करावयाचा आहे. एक पोलंडमधील क्राकोव्ह हे प्राचीन राजनगर. दुसरी आपली न्हावा शेवा. ही जोडी विजोड वाटेल. पहिली जागा पाहण्यासाठी मराठी माणूस आज हौसेने, पदरचे पैसे मोडून जातो; दुसरीवरून तो मोटारीने झपाट्याने पुढे जातो. पहिल्या जागेविषयी तो परतल्यावर लिहितो. दुसरीविषयी लिहावे असे त्याच्या मनातही येत नाही. या दोन वागणुकींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे मला वाटते. अर्थात, दोन ठिकाणच्या मृत्यूंची तुलना येथे करावयाची नाही. ऑशविट्झला सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली, त्यांत सुमारे दहा लाख ज्यू होते. त्या आकड्यासमोर दुसरा कोणताही आकडा ठेवणे हा अविचार होईल. तुलना आहे ती स्मरणाच्या रीतींची.

२

मराठी प्रवासवर्णनाला स्वतःची अशी परंपरा आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ साली, आणि पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली. या तिन्ही पुस्तकांचे स्वभाव अगदी निराळे. पण एक गोष्ट तिन्हींत समान आहे. प्रवासी स्वतः तेथे हजर आहे. तो आपल्या घरचा चष्मा घालून जातो, आणि तो चष्मा त्याच्या नाकावर आहे हे तो वाचकापासून लपवीत नाही. म्हणून त्याचे हसणे, चकित होणे आणि चिडणेही खरे वाटते.

अलीकडच्या मराठी लेखनात पूर्व युरोपातील छळछावण्यांच्या भेटीचे जे वर्णन येते, त्यात हा प्रवासी हळूहळू नाहीसा होऊ लागला आहे. त्याच्या जागी एक ठरावीक भावना येऊन बसली आहे. वर्णनाचा क्रमही ठरून गेला आहे. प्रथम फाटकावरची लोखंडी अक्षरे. मग काचेमागचा चपलांचा ढीग, केसांचा ढीग, नावे रंगविलेल्या पेट्या. मग सुन्न होणे. मग ‘शब्द अपुरे पडतात’ हे वाक्य. आणि त्यानंतर बस परत क्राकोव्हला. संध्याकाळी काझिमिएझ मोहल्ल्यातील एखाद्या उपाहारगृहात ज्यू संगीत, मेणबत्त्या, गरम सूप. दुसऱ्या दिवशी मिठाची खाण.

या क्रमाला मी हसत नाही. प्रवासाचे वेळापत्रक तसेच असते, आणि माणसाला भूकही लागतेच. माझी तक्रार लेखनाविषयी आहे. सकाळच्या सुन्नपणाचा आणि संध्याकाळच्या संगीताचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न या लेखनात उमटत नाही. दोन्ही अनुभव शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि दोन्ही ‘अविस्मरणीय’ असतात. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. सकाळ आणि संध्याकाळ यांत येथे ढळढळीत विरोध आहे. पण लेखकाला तो जाणवलेलाच नाही, आणि जो विरोध जाणवत नाही त्यातून समतोल कोठून यावा? राहतो तो दोन भावनांचा केवळ अनुक्रम.

‘शब्द अपुरे पडतात’ या वाक्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ऑशविट्झचे संग्रहालय १९४७ साली पोलंडच्या संसदेने कायदा करून स्थापिले. त्यामागे खटपट होती ती तेथूनच जिवंत सुटलेल्या कैद्यांची. त्यांना शब्द अपुरे पडले नाहीत. त्यांनी साक्षी दिल्या, याद्या केल्या, बराकी मोजल्या, पेट्यांवरची नावे जपली. शब्द अपुरे पडले ते पाहुण्याला, आणि तेही तीन तासांत. ज्याने सोसले तो नेमकेपणाने बोलतो, आणि ज्याने पाहिले तो अनिर्वचनीयतेचा आश्रय घेतो. पाहणाऱ्याची भावना जितकी मोठी तितकी वस्तू अस्पष्ट होत जाते. स्मारकभेटीच्या लेखनाची पहिली कसोटी म्हणून मी हीच धरीन : वाचून झाल्यावर लेखकाचे अश्रू अधिक दिसतात, की त्या पेटीवरचे नाव?

३

आता खुद्द क्राकोव्हकडे पाहू. हे शहर १९७८ साली, जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत गेले. ऑशविट्झ पाठोपाठ १९७९ साली. म्हणजे जगाच्या दृष्टीने राजवाड्याचे सौंदर्य आणि छावणीचे क्रौर्य हे एकाच वहीत, एका वर्षाच्या अंतराने नोंदले गेले. युद्धापूर्वी या शहरात साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते. शहराचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांची जुनी वस्ती काझिमिएझमध्ये. जर्मनांनी मात्र त्यांना कोंडले ते व्हिस्तुला नदीच्या पलीकडे, पोदगुझे या भागात. आणि १९४३ च्या मार्च महिन्यात ती कोंडवाडा-वस्ती दोन दिवसांत रिकामी करण्यात आली.

पुढे १९९३ साली स्पीलबर्गचा ‘शिंडलर्स लिस्ट’ हा चित्रपट आला. त्यातील कोंडवाड्याची कित्येक दृश्ये काझिमिएझच्या गल्ल्यांत चित्रित झाली, कारण त्या जुन्या दिसत होत्या. परिणाम असा की, पाहुणे नदीच्या अलीकडेच कोंडवाडा शोधू लागले. चित्रपटातली जागा खरी ठरली, आणि खरी जागा नदीपलीकडे ट्रामच्या थांब्यापाशी पडून राहिली. स्मरणाचे हे स्थलांतर कोणी कट करून घडवून आणलेले नाही. जे पाहायला बरे दिसते तिकडे स्मरण सरकते, एवढाच त्याचा अर्थ; परंतु तो फार महत्त्वाचा आहे, आणि पुढे न्हावा शेव्याला तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

ही चूक शहराने अंशतः सुधारली, ती कशी हे पाहण्यासारखे आहे. पोदगुझेतील त्या चौकात २००५ साली धातूच्या मोठाल्या रिकाम्या खुर्च्या मांडण्यात आल्या. वस्ती रिकामी झाली तेव्हा लोकांचे सामानसुमान, खाटा, कपाटे, खुर्च्या या चौकात टाकलेल्या होत्या. चौकातच औषधांचे दुकान चालविणारा पान्किएविच नावाचा पोलिश गृहस्थ होता. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. या खुर्च्या त्या सामानातल्या. काही खुर्च्या अगदी ट्रामच्या थांब्यापाशी आहेत. तेथे पुतळा नाही, रडणारी स्त्री नाही, वर उचललेली मूठ नाही. खुर्ची ही बसण्याची वस्तू, आणि तीवर कोणी बसलेले नाही, एवढेच विधान. ट्रामची वाट पाहणारा माणूस एखाद्या खुर्चीवर टेकला तरी त्या विधानाला बाध येत नाही. उलट, येथे माणसे राहत होती हेच त्यातून कळते. चालत्या शहराच्या मध्यभागी, त्याच्या कामकाजाला अडथळा न करता आणि तरी त्यात विरून न जाता उभे राहणे हे स्मारकाला क्वचित साधते. ते येथे साधले आहे.

ज्यू संस्कृतीच्या महोत्सवाविषयीचा निर्णय इतका सोपा नाही. तो १९८८ साली सुरू झाला. संस्थापक ज्यू नव्हते. ते पोलिश तरुण होते. आज उन्हाळ्यात हजारो लोक त्यासाठी जमतात, शेरोका रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गाणे चालते. ज्यांचे ते गाणे ते मेले किंवा देशोधडीला लागले, आणि जे गातात व ऐकतात त्यांतले बहुतेक दुसरेच, हा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण सन १९८८ हे विसरून चालणार नाही. त्या वेळी तेथे कम्युनिस्ट राजवट होती, आणि पोलंडमधील ज्यूंचा विषय अर्धवट दाबून ठेवलेला होता. त्या परिस्थितीत ते गाणे जाहीरपणे म्हणणे हीच एक टीका होती, धाडस होते. तेच गाणे आज पर्यटनाच्या पत्रकात शिरले आहे. गाणे तेच, परिस्थिती बदलली म्हणून अर्थ बदलला. उत्सव एकदा खरा होता म्हणून तो नेहमी खरा राहत नाही. त्याला आपला विरोधक दर वर्षी नव्याने शोधावा लागतो.

क्राकोव्हमधील आणखी एक प्रथा सांगून पुढे जाऊ. सेंट मेरीच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चारी दिशांना एकेकदा. आणि सूर मध्येच तुटतो. तार्तरांची स्वारी येत असल्याचा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून तो सूर तुटला, अशी लोककथा सांगतात. कथा ऐतिहासिक आहे असे नाही. पण रचना पाहावी. शेकडो वर्षांपूर्वीचा एक मृत्यू दर तासाला पुन्हा ऐकू येतो, आणि तो ऐकू येतो सुराच्या अपुरेपणातून. शहराने तो सूर पूर्ण करून टाकलेला नाही.

४

न्हावा शेवा हे नाव आज जगाला ठाऊक आहे ते पेट्यांवरून. बंदराचे कामकाज १९८९ च्या मे महिन्यात सुरू झाले आणि तेव्हापासून उरण तालुक्याचा हा किनारा लोखंडी पेट्यांच्या रांगांनी भरून गेला. न्हावा आणि शेवा ही आधी गावे होती, हे जहाजावरच्या खलाशाला माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याला माहीत असायला हवे. खाडी, मिठागरे, भातशेती, मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी आणि कातकरी लोकांचा हा मुलूख. येथे स्मरणाच्या निदान तीन जागा आहेत, आणि तिघींची रीत वेगळी आहे.

पहिली चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि आठ सत्याग्रही मेले. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे, आनंदा माया पाटील, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी पाटील. ही यादी मोठ्याने वाचून पाहावी. स्वातंत्र्यलढ्याच्या पाठ्यपुस्तकातील नावे ज्या नादाची असतात त्या नादाची ही नावे नाहीत. यांत जात आहे, धंदा आहे, बापाचे घरगुती नाव आहे. चिरनेर, दिघोडे, जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे ही गावे त्यांच्यामागे उभी आहेत. जंगलात लाकूड तोडण्याचा हक्क हा यांचा प्रश्न, आणि ‘स्वराज्य’ हा शब्द त्या प्रश्नातून त्यांना कळलेला. चिरनेरच्या स्मारकाचे सारे बळ या आठ नावांत आहे. राज्यात १९८० नंतर गावोगाव हुतात्मा स्मारके उभारली गेली, ती पुष्कळशी एकाच साच्याची. साच्याला उरण काय आणि विदर्भ काय, सारखेच. नावे मात्र साच्यात बसत नाहीत.

दर वर्षी २५ सप्टेंबरला येथे स्मृतिदिन होतो, आणि पोलीस दल बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देते. या विधीकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. जे गोळीने मेले त्यांना वंदना गोळीच्या आवाजाची. गोळी झाडणारी बंदूक १९३० साली परक्या सरकारची होती आणि आजची आपली आहे, हा फरक मोठा आहे आणि तो कोणी नाकारीत नाही. तरी त्या माळावर तो आवाज घुमतो तेव्हा ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल? विधी रचणाऱ्याच्या मनात हा विरोध आलेला नाही. आला असता तर तो विधी जगातल्या फार थोड्या विधींसारखा अर्थपूर्ण झाला असता. क्राकोव्हची तुतारी तुटते. चिरनेरची फैर पूर्ण होते, आणि पूर्ण होते म्हणूनच प्रसंग संपल्यासारखा वाटतो. त्या दिवशी मामलेदार जोशी यांनाही प्राण गमवावे लागले, हेही येथे लक्षात घ्यावे. हुतात्मा आणि शत्रू या दोनच विभक्ती असलेल्या स्मारकाच्या व्याकरणात अशा माणसाला कोठे बसवायचे, हे आपल्याला अजून उमगलेले नाही.

५

दुसरी जागा जासई आणि पागोटे. येथे मृत्यू स्वतंत्र भारतातले आहेत, आणि त्यामुळेच अवघड आहेत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, आणि त्याच ओघात बंदराची जमीन. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर गोळीबार झाला. त्यात नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, नवघर फाट्यावर केशव महादेव पाटील, महादेव हिरू पाटील आणि कमलाकर कृष्णा तांडेल. दोन दिवसांत पाच माणसे.

येथे दर वर्षी जानेवारीत लोक जमतात. बाहेरचा पाहुणा जवळजवळ नसतो. ना सहलीची बस, ना माहितीपत्रक, ना संध्याकाळी संगीत. जमतात ती त्याच गावांची माणसे, आणि भाषणे होतात. ‘हुतात्म्यांचे रक्त वाया जाणार नाही’ हे वाक्य त्यांत असते, आणि ते वाक्य ऑशविट्झच्या ‘शब्द अपुरे पडतात’ याचेच भावंड आहे. परंतु या भाषणप्रकारात पुढे एक अशी गोष्ट येते, जी मला समीक्षेच्या दृष्टीने विलक्षण वाटते. भावनेच्या भरात असलेले भाषण एकाएकी आकड्यांवर येते. साडेबारा टक्के विकसित जमीन, अमुक गावठाण, तमुक भूखंड, इतकी घरे नियमित झाली नाहीत. श्रोत्यांचे कान तेथे टवकारतात. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग या किनाऱ्यावर पालुपदासारखा झाला आहे. गेल्या चाळीस वर्षांत या भागात इतका अर्थ ज्यात साठला असेल असा दुसरा शब्द क्वचितच असेल. त्यात पाच मृत्यू आहेत, एक करार आहे, आणि वाट पाहणे आहे.

वाट किती पाहावी? गोळीबार १९८४ चा. त्यानंतर साडेबारा टक्क्यांचे तत्त्व सरकारने मान्य केले. बंदरग्रस्तांना त्या जमिनीची इरादापत्रे मिळाली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी, खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते. म्हणजे तीस वर्षांनी. ज्यांच्या सातबाऱ्यावरची जमीन गेली त्यांतले कितीतरी जण तोवर गेले होते, दि. बा. पाटील स्वतः २०१३ साली गेले. कोळ्यांचे निराळेच. शेव्याच्या कोळीवाड्यातील लोकांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविले, आणि तेथे घरांना वाळवी लागली. बंदराच्या वाढीने मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये द्यावेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

हे सारे समीक्षेच्या लेखात कशाला, असे कोणी म्हणेल. याचसाठी की, जासईच्या स्मृतिदिनाचा आशयच हा आहे. येथे स्मरण हे मागणीचे रूप घेऊन येते. पोदगुझेच्या चौकात मागणारा कोणी उरलेला नाही. म्हणून तेथे स्मारक बाहेरच्या माणसाकडे तोंड करून उभे आहे. जासईला मागणारे सारे हजर आहेत. म्हणून स्मारकाचे तोंड सरकारकडे आहे आणि पाठ पाहुण्याकडे. हा दोष नव्हे. पण यात धोका आहे. मागणी पुरी झाली, किंवा थकून सोडून दिली, की स्मरणाचे काय? ज्या दिवशी शेवटचा भूखंड वाटला जाईल त्या दिवशी कमलाकर तांडेलचे नाव कोणत्या कारणासाठी उच्चारले जाईल? विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २०२२ साली केला. त्या मागणीमागे लोकांची जी तळमळ दिसली तिच्यात याच प्रश्नाची अस्पष्ट जाणीव असावी. पण एका मोठ्या नावाखाली पाच लहान नावे झाकली जाणार नाहीत, ही काळजी कोणीतरी घेतली पाहिजे. पुढाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिता येते. नामदेव घरतचे नाव वाचण्यासाठी जवळ जावे लागते.

६

तिसरी जागा घारापुरी. बंदराच्या समोर, खाडीतले बेट, तालुका उरणच. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथे पर्यटन महामंडळाचा एलिफंटा महोत्सव कित्येक वर्षे होत आला आहे : लेण्यांच्या सान्निध्यात शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, आणि त्यावर रंगीत उजेड. कल्पना देखणी आहे. नटराज शिव जेथे दगडात आहे तेथे नृत्य व्हावे यात संवाद आहे, हे कोणीही मान्य करील.

मात्र केवळ संवादाने कृती पुरी होत नाही. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्यांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची तार टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्र, आणि मग अंधार. म्हणजे कित्येक वर्षे असे घडले की, दोन रात्री त्रिमुखी सदाशिवावर दिव्यांचा झोत पडला, पाहुणे शेवटच्या लाँचने मुंबईस परतले, आणि बेटावरच्या घरांत कंदील लागला. गायकाचा यात दोष नाही, आणि रसिकाचाही नाही. पण त्या उजेडाची समीक्षा कोणत्या वृत्तपत्राच्या संगीत-परीक्षणात आली? उजेड हा त्या मैफलीचा भाग होता. तो कोठून आणला आणि कोठे पोचला नाही, हाही तिच्या अर्थाचा भाग होता. लेण्यांतल्या भंगलेल्या मूर्ती आपण इतक्या वेदनेने पाहतो. पोर्तुगीजांनी हात तोडले, पाय तोडले असे सांगतो. त्याच पायऱ्यांवर टोपल्या घेऊन बसलेल्या बाईचे घर अंधारात आहे, हे मात्र आपल्या सौंदर्यानुभवाच्या बाहेर राहते.

आगरी आणि कोळी यांचे म्हणून जे महोत्सव आता शहरांत भरतात त्यांतही हेच सरकणे दिसते. मंचावर वल्ही हातात घेऊन नाच होतो, तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण विकले जाते, गर्दी लोटते. भाकरी चांगली असते, आणि ती विकणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात, त्याचे मोल मी कमी करीत नाही. परंतु आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण जे धवळे गाते ते मंचाच्या मापाचे नसते. ते लांब असते, विधीला धरून चालते, त्याला मांडवच लागतो. म्हणून मंचावर येते ते वल्ह्याचे नृत्य, कारण ते दिसते. काझिमिएझच्या जुन्या गल्ल्यांनी पोदगुझेची जागा घेतली, तशीच मंचावरच्या वल्ह्याने शेव्याच्या होडीची घेतली आहे. फरक इतकाच, की तेथील माणसे मारली गेली होती. येथील माणसे समोर बसून टाळ्या वाजवीत आहेत.

७

एक उदाहरण राहिले, आणि ते या चर्चेला वेगळी दिशा देते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले. तेथे शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, लग्ने झाली, मृत्यू झाले. मग ते निघून गेले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांनी आठवणीचा स्तंभ उभारला. आणि २०१९ च्या सप्टेंबरात तेव्हाची मुले, आता ऐंशी-नव्वदीची, आपली जागा पाहायला परत आली.

ही खरी स्मरणयात्रा. येथे पाहुणा आणि ज्याचे स्मरण तो एकच आहे. त्याला शब्द अपुरे पडत नाहीत. विहीर कोठे होती, बराकीचा क्रमांक काय होता, पाव कोठून येई, हे तो विचारतो. ज्याला जागा माहीत आहे तो नेमके विचारतो, एवढाच धडा आपण त्याच्याकडून घेतला तरी पुरे. पोलंडहून आलेली म्हातारी वळिवड्यात आपले घर शोधते, आणि आपण तिच्या देशात जाऊन सुन्न होण्याची जागा शोधतो. तिची रीत अधिक चांगली आहे.

मग न्हावा शेव्याला पाहुणा यावा काय? स्मारकसहल निघावी काय? पर्यटन वाढले की या किनाऱ्यावरही पत्रके छापली जातील, आणि चिरनेर, घारापुरी, पूल, विमानतळ अशी एक दिवसाची फेरी होईल, हे उघड आहे. तिला विरोध करून काही साधायचे नाही. प्रश्न असा आहे की, ती फेरी दास्तान फाट्यावर थांबेल काय, आणि थांबली तर काय दाखवील. पुतळा दाखवायचा असेल तर न थांबलेले बरे. तेथे पाच नावे, त्यांची गावे, आणि मोबदल्याचे दर कोणते होते, कोणते मागितले होते, साडेबारा टक्के म्हणजे काय, पत्र कोणत्या साली मिळाले, हे साध्या मराठीत लिहिलेले असावे. पुढे पेट्यांनी लादलेल्या गाड्या जात असाव्यात. त्या थांबविण्याचे कारण नाही. पोदगुझेत ट्राम चालते तशा त्या चालाव्यात. पाहुण्याला सुन्न व्हायला सवड मिळू नये. त्याला हिशेब करावा लागावा.

हे काम शासनाआधी लेखकाचे आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघणारा सागरी सेतू खुला झाला. एकवीस-बावीस किलोमीटर अंतर मोटार काही मिनिटांत तोडते, आणि न्हावा शेव्याच्या बाजूला उतरते ती चिर्ले गावाच्या हद्दीत. चिर्ले हे नामदेव शंकर घरत यांचे गाव. क्राकोव्हला जाणारा मराठी प्रवासी उद्या नव्या विमानतळाकडे निघेल तेव्हा कदाचित याच वाटेने जाईल. परत आल्यावर तो जे पुस्तक लिहील त्याचे पहिले प्रकरण त्याने येथून सुरू करावे, आणि त्यात निदान एक नाव अचूक लिहावे. तसे झाले तर पुढच्या प्रकरणातील पेटीवरचे नावही त्याला वाचता येईल.